जमादाराचं बक्कल

लातूर जिल्हा झाला त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या विहिरी आटल्या. साहेब आले, कचेऱ्या आल्या, खोल्यांची भाडी वाढली. पाणी मात्र होतं तेवढंही राहिलं नाही. सगळ्या गल्लीत मिळून एक हापसा चालू होता. त्याच्या दांड्याला साखळी आणि कुलूप असायचं, आणि किल्ली नजीरचाचांच्या कमरेला.

चाचा निजामाच्या पोलिसात जमादार होते, उदगीरच्या ठाण्यात. आता म्हातारे झालेले. हापशाजवळ लिंबाखाली स्टूल टाकून बसायचे आणि कुणाची पाळी कधी, ते बघायचे. माझा नवरा गुरुलिंग कापडदुकानदार, गल्लीत त्याच्या शब्दाला वजन; पण आमची घागर चाचांनी कधी वीतभरही पुढं सरकू दिली नाही. त्यांची स्वतःची बायको चांदबी, तीही रांगेतच उभी असायची. म्हणून तर किल्ली त्यांच्याकडं होती. दुसऱ्या कुणाकडं असती तर रोज डोकी फुटली असती.

रांगेत अख्खी सकाळ जायची. अशात चाचांनी गंजगोलाईतल्या रद्दीवाल्याकडून एक जुनी कादंबरी आणली. निजामाच्या काळातली गोष्ट. एक किल्ल्याचं गाव, गावाबाहेर बारव, आणि बारवेत एका विधवेचं प्रेत. संशय तिघांवर: तिचा दीर, गावचा कुलकर्णी आणि ठाण्याचा जमादार. कादंबरीत गावाला नाव नव्हतं. नाव दिलं ते चाचांनी.

"हे आमचं उदगीर हाय," ते ज्याला त्याला सांगत सुटले. "ही बारव म्या डोळ्यांनी पाह्यलीय. आन् ह्यो जमादार बघा, पट्टा कसा बांधतो, सलाम कसा ठोकतो. हुबेहूब मी." बिचाऱ्याला आनंद झाला होता. त्यांच्यासारख्या माणसाला पुस्तकात जागा मिळते, हे त्यांनी जन्मात पहिल्यांदाच पाहिलं होतं.

पुस्तकाची पाळीही त्यांनीच लावली. एका घरचं वाचून झालं की त्या घरानं ते पुढच्या घरच्या रिकाम्या घागरीत टाकायचं, आणि घागर हापशाखाली जायच्या आधी ज्याचं त्यानं काढून घ्यायचं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना मी रांगेतच वाचून दाखवायची. बायका इतक्या रंगून ऐकायच्या की भांडायचं विसरायच्या.

शेवटची पानं मात्र नव्हती. रद्दीवाल्याकडून ती शेंगदाण्याच्या पुड्या बांधायला गेली असणार. गोष्ट तुटत होती ती नेमकी अशा जागी, की बारवेचा गाळ उपसताना जमादाराच्या पट्ट्याचं बक्कल सापडतं. त्यापुढं काही नाही.

अमृतराव उस्मानाबादहून नव्या जिल्ह्याच्या कचेरीत बदलून आलेले, आमच्याच गल्लीत भाड्यानं राहायचे. एकदा त्यांनी ऑफिसची घाई सांगून आपली घागर पुढं सारली, तेव्हा चाचांनी ती उचलून मुकाट्यानं मागं नेऊन ठेवली होती. ते त्यांना सलत होतं. पुस्तक वाचून झाल्यावर ते भर रांगेत म्हणाले, "चाचा, तुमचं बक्कल सलामत हाय ना?"

सगळे हसले. चाचाही हसले. त्यांच्या त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

मग हे रोजचंच झालं. आधी थट्टा होती, मग थट्टेतलं हसू गेलं आणि नुसती कुजबुज उरली. शांतम्मा माझ्या शेजारची. तिच्या तिन्ही बाळंतपणांत चांदबीनं तिला न्हाऊमाखू घातलं होतं. तीसुद्धा मला म्हणाली, "त्या जमान्यात काय काय झालं, आपल्याला काय ठावं? तेच म्हनले न्हाई का, जमादार हुबेहूब मी म्हनून?"

"अगं, कादंबरी आहे ती," मी म्हणाले.

"आगीबिगर धूर निघतो व्हय," असं काहीसं पुटपुटत तिनं पदर सावरला आणि पुढं सरकली.

एका सकाळी अमृतरावांनी सगळ्यांसमोर विषय काढला. किल्ली आळीपाळीनं एकेका घरी ठेवू, म्हणाले. ज्याच्यावर लोकांचा संशय आहे त्यानं आपण होऊन बाजूला व्हावं, त्यातच त्याची शोभा.

"कसला संशय?" मी विचारलं.

गुरुलिंगनं मला गप बस म्हणून खुणावलं. गल्लीतला वजनदार माणूस, त्याच्या तोंडातून त्या दिवशी चकार शब्द निघाला नाही. चाचांनी कमरेची किल्ली सोडली, स्टुलावर ठेवली आणि घरी गेले. आळीपाळीची पहिली पाळी अमृतरावांची लागली, आणि किल्ली पुढं त्यांच्याच घरी राहिली. त्यानंतर चाचा उंबऱ्याबाहेर पडले नाहीत.

वैशाखात मी चुलतबहिणीच्या लग्नाला नांदेडला गेले. तिथं जुन्या पुस्तकांच्या दुकानात तीच कादंबरी मिळाली, अख्खी. परतताना एसटीत बसल्या बसल्या शेवट वाचला. खून दिरानं केला होता. जमादार झोपलेला असताना त्यानं पट्ट्याचं बक्कल काढलं आणि बारवेत टाकलं, आणि शेवटी जमादारानंच त्याला पकडलं. लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा माझ्या डोळ्यांना धार लागली होती. आता उद्या चाचांचं स्टूल परत लिंबाखाली येणार, असं मला अगदी खरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी रांगेत उभी राहून मोठ्यानं वाचलं. सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. शेवटचं पान संपलं तेव्हा कुणी हापसत नव्हतं.

अमृतराव म्हणाले, "छान रंगवलंय. पण वहिनी, कादंबरीच ती. लिहिणाऱ्याच्या मनात आलं, त्यानं लिहिलं. त्यावरून खऱ्या माणसाचं काय ठरवणार?"

"हाव की," शांतम्मा म्हणाली. "गोष्ट ती."

तीच माणसं आणि तीच कादंबरी. पुस्तक कुणाच्या घागरीत टाकायची माझी इच्छा झाली नाही, आणि कुणी मागितलंही नाही.

मी तडक चाचांकडं गेले. ते भिंतीला टेकून बसले होते. मी शेवट सांगितला. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, शेवटच्या पानांवरून बोटं फिरवली आणि परत दिलं.

"बेटी, एवढ्या लांबून आनलीस," ते म्हणाले. "पन म्या काय केलं न्हाई, हे मला पैल्यापासून मालूम हाय."

"त्यांना कळायला नको का, चाचा?"

"त्यांनाबी मालूम हाय."

चांदबीनं कोपऱ्यातली घागर उचलली आणि ती हापशाकडं निघाली. घाई करायचं तिला काही कारण नव्हतं. तिचा नंबर आता सगळ्यांच्या मागं असतो.