तळणीच्या तेलावर चालणारी गाडी

आमच्या गाडीमागे कुत्री लागायची, आणि त्यात कुत्र्यांचा काही दोष नव्हता. तिच्या धुराला बटाटे तळल्याचा वास यायचा. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या धुतलेल्या चादरी-टॉवेल पोचवायचं माझं काम. सिग्नलला गाडी थांबली की शेजारचा स्कूटरवाला नाक वर करून इकडेतिकडे बघायचा. "जवळपास कुणीतरी गरमागरम काढतंय वाटतं," असं एकदा एकजण मलाच म्हणाला. मी म्हटलं, "हो, पुढच्या वळणावर असेल," आणि सिग्नल सुटताच निघाले. बिचारा वळणापर्यंत माझ्या मागून आला.

गाडीत घालायचं ते डिझेल माझे सासरे घरी करायचे. सगळा जन्म त्यांनी बसच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडण्यात घालवला. गल्लीत त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, मी बाबा म्हणते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातलं जे बिघडलं होतं ते दुरुस्त केलं, मग जे बिघडलं नव्हतं तेही केलं. माझा मिक्सर त्यातच गेला. नवरा जहाजावर नोकरीला, घरी कधीमधी येणारा, तो फोनवर म्हणायचा, "त्यांना काहीतरी उद्योग दे, नाहीतर तुला उघडून बघतील."

उद्योग त्यांचा त्यांनाच सापडला. एका कॅन्टीनवाल्याला त्यांनी काळंकुट्ट झालेलं तेल गटारात ओतताना पाहिलं, आणि त्यांचा जीव कळवळला. वर्कशॉपमधल्या एका जुन्या सोबत्यानं असल्या तेलाचं डिझेल करायची रीत त्यांना शिकवली होती. बाबांनी मागची खोली रिकामी केली, जुन्या बॉयलरची टाकी आणली, नळ जोडले, आणि कॅन्टीनवाल्याला सांगून टाकलं, "यापुढे एक थेंब फेकायचा नाही."

रीत ऐकायला सोपी आहे. तेल कापडातून गाळायचं. त्यात मुरलेलं पाणी उडून जाईपर्यंत गरम करायचं. मिथेनॉल नावाच्या स्पिरिटमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून ते त्या कोमट तेलात सोडायचं आणि ढवळत राहायचं. मग टाकीला हात न लावता गप्प बसायचं. हे शेवटचं बाबांना सगळ्यात अवघड जायचं. हळूहळू काळपट, चिकट ग्लिसरीन तळाला बसतं आणि वर राहतं ते डिझेल. ते पाण्यानं धुवायचं, वाळवायचं. नीट जमलं की बरणीच्या पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं इतकं ते स्वच्छ असतं.

पण गरम होताना त्या तेलाचा जो वास सुटायचा, तो भिंत ओलांडून शेजारी जायचा. शेजारी ताईंचं पार्लर. ताई एकट्या, पन्नाशीच्या, आवाज असा की त्यांनी दुकानात "मान खाली" म्हटलं की रस्त्यावरची माणसं मान खाली घालतील. त्यांचा आणि बाबांचा विस्तव जात नव्हता.

"मिस्त्री, माझ्याकडे बायका सुंदर व्हायला येतात हो! आणि जाताना तळून काढल्यासारख्या जातात!"

"आणि तुमचं ते केस सरळ करायचं औषध? त्याला काय गुलाबाचा वास येतो? माझ्या नाकातले केस सरळ झाले त्यानं!"

हे खिडकीतून खिडकीत चालायचं. मी मध्ये पडायचे नाही. दोघांनाही त्यात थोडी मजा येत असावी असं मला वाटायचं. पण एकदा ताईंनी पालिकेत तक्रार करायची भाषा केली, आणि त्यानंतर मजा गेली. खिडक्या बंद झाल्या. रस्त्यात समोरासमोर आले तर दोघंही मोबाइल काढून बघत. बाबांच्या मोबाइलमध्ये तर बघण्यासारखं काही नव्हतंच.

त्या दुपारी मी एका दवाखान्याच्या चादरी पोचवून जेवायला घरी आले होते. रस्त्यावरचा नळ फुटल्यामुळे आमच्या भागातलं पाणी सकाळीच गेलं होतं. बाबा मागच्या खोलीत गर्क. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. हात धुवावेत म्हणून मी नळ सोडला, तो नुसता फुसफुसला. तेवढ्यात मागून स्टूल पडल्याचा आवाज आला आणि बाबांची हाक. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

सोडा विरघळवलेल्या डब्याची नळी दाबानं निसटली होती. डोळ्यांवरचा चष्मा वाफेनं धुरकटला म्हणून त्यांनी कपाळावर चढवला होता. ते भिंतीला धरून नळ चाचपत होते, आणि नळ कोरडा. "पाणी," ते म्हणाले. "सूनबाई, पाणी. डोळा जातोय."

धुवायच्या पाण्याचं पिंप रिकामं. घरात प्यायच्या पाण्याचा एक तांब्या. तो मी त्यांच्या डोळ्यांवर ओतला आणि तो संपला. मग काही विचार केला असं म्हणता येणार नाही. मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना ओढत शेजारी नेलं. पार्लरच्या छतावर स्वतःची टाकी आहे एवढंच डोक्यात होतं.

दार ढकललं तेव्हा ताई एका बाईच्या केसांना रंग लावत होत्या. त्यांनी बाबांकडे एकदा पाहिलं.

"काय गेलं डोळ्यात?"

"कॉस्टिक."

हातातला ब्रश त्यांनी कुठे टाकला ते देव जाणे. केस धुवायच्या खुर्चीवर त्यांनी बाबांना आडवं केलं, मान बेसिनच्या खाचेत बसवली, आणि हातातला शॉवर सुरू केला. "डोकं उजवीकडे. उजवीकडे म्हटलं! या डोळ्यातलं त्या डोळ्यात जायला नको." एका हातानं त्यांनी बाबांची पापणी उघडी धरली. बाबा ओरडले. ताई त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडल्या, "ओरडा! पण डोळा मिटायचा नाही!"

मी दवाखान्याला फोन लावला. तिकडून सांगितलं, धूत राहा, थांबू नका, मग घेऊन या. ताई थांबल्या नाहीत. रंग लावलेली बाई खुर्चीतून उठली आणि न सांगता बाबांचे पाय धरून उभी राहिली, कारण ते पाय झाडत होते. तिच्या केसांवरचा रंग ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ राहिला. पाणी जमिनीवर, ताईंच्या साडीवर, सगळीकडे. मी म्हटलं, "ताई, तुमचा हात अवघडला असेल, द्या माझ्याकडे." त्या म्हणाल्या, "तू गाडी दारात आण. डोकं धरायचं काम माझं आहे." त्यांच्या आवाजात जरब होती, पण बाबांच्या कपाळावरून फिरणारा त्यांचा हात इतका हळुवार होता की मला पटकन तिथून निघावं लागलं, नाहीतर मी रडले असते.

गाडीतही त्या मागे बसल्या, बाटलीतून पाणी सोडत. धुतलेल्या टॉवेलांचा एक आख्खा गठ्ठा त्या प्रवासात भिजला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग पाठ सरळ करून विचारलं, "धुतला कुणी?" मी ताईंकडे बोट केलं. "यांचा डोळा यांनी वाचवला," डॉक्टर म्हणाले. "मी आता फक्त राखण करणार." मग बाबांकडे वळून, "आजोबा, डोळ्यांत तेल घालून काम करावं म्हणतात. सोडा घालून नव्हे."

बाबा हसले नाहीत.

त्यानंतरचे दिवस उजव्या डोळ्यावर पट्टी आणि तासातासाला थेंब. सुरुवातीला त्या डोळ्याला नुसता उजेड कळायचा, मग आकार, मग माझ्या बांगड्या. दर वेळी तपासून आले की ते पार्लरच्या दारापर्यंत जायचे, दारात रेंगाळायचे आणि परत यायचे.

"अहो बाबा, आत जा ना."

"जाऊन म्हणू काय? आभारी आहे? सत्काराला उभा राहिल्यासारखं वाटतं. एवढ्या गोष्टीला एवढासा शब्द."

मग त्यांनी एक निर्णय घेतला. मागच्या खोलीतल्या टाकीचे नळ सोडवून ठेवले, कॅन्टीनवाल्याला कळवलं की आता तेल नको. मला म्हणाले, "ताईंना वासाचा त्रास होतो. तेवढं तरी करू शकतो मी." आणि खिडकीत बसून राहिले. दुरुस्तीलाही हात लावेनात. दाराची कडी निखळली, तीही तशीच.

कडीमुळेच की काय, दार नुसतं लोटून ताई थेट आत आल्या. "मिस्त्री, खोली बंद केलीत म्हणे?"

"तुमच्यासाठीच."

"मी मागितलं होतं?"

"आधी मागत होतात की."

"आधीची गोष्ट वेगळी, तेव्हा मी तुम्हाला ओळखत नव्हते! आता लोक म्हणतील, पार्लरवालीनं डोळा वाचवला आणि उद्योग बंद पाडला." त्या मागच्या खोलीत गेल्या, टाकीभोवती फिरल्या, नाक मुरडलं. "हिला झाकण का नाही? मी केसांचं औषध उघड्यावर ठेवते का? झाकण लावा, वाफ नळीनं वर छपराबाहेर सोडा, आणि सोमवारी करा. सोमवारी माझं दुकान बंद असतं. आणि हा चष्मा नको. कपाळावर चढवता येणार नाही असा आणा, मागून पट्टा असलेला."

बाबांनी मागोमाग येऊन टाकीच्या उघड्या तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "हे झाकणाचं मला का सुचलं नाही?"

"भांडण्यात वेळ जात होता ना तुमचा," ताई म्हणाल्या, आणि दोघंही हसले.

डॉक्टरांनी अजून सोड्याजवळ जायची बंदी केली होती. म्हणून पुढच्या सोमवारी पट्टा असलेला चष्मा मी लावला, पाण्याचं पिंप काठोकाठ भरलं, आणि बाबा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. त्यांनी सांगावं, मी करावं. डिझेल झालंही छान. पण धुताना मी उत्साहाच्या भरात ते घुसळलं, आणि सगळं पांढरंफटक, दाट होऊन बसलं. मी रडवेली झाले. बाबा खुर्चीत गदागदा हसत होते. "अभिनंदन! साबण केलात!" मग म्हणाले, "हळू धुवायचं असतं. अंगावर नुसती सर आल्यासारखं. सोडून दे, आपोआप वेगळं होईल." त्याला पुष्कळ वेळ लागला, पण झालं. बरणी उजेडात धरून मी वर्तमानपत्र तिच्यामागे लावलं, तेव्हा बाबांनी डावा डोळा हातानं झाकला आणि उजव्यानं, अडखळत, बातमीचा मथळा वाचून दाखवला. बातमी कुठल्यातरी पुलाच्या उद्घाटनाची होती. इतक्या आनंदानं ती दुसऱ्या कुणी वाचली नसेल.

दुसऱ्या दिवशी, पार्लर उघडल्यावर, ते तिथे गेले. मला बळ म्हणून बरोबर घेतलं. "ताई," ते म्हणाले, "मला गोड बोलता येत नाही. मला इंजिनातलं कळतं, नळातलं कळतं. तुमचं काही काम सांगा. नाही म्हणू नका, नाहीतर मी रोज येऊन बसेन."

ताई आधी नाही म्हणाल्या. मग हातातला कंगवा पुसत राहिल्या. मग त्यांचा तो मोठा आवाज एकदम लहान झाला. "माझी अक्का आहे. थोरली बहीण. टेकडीवरच्या शुश्रूषागृहात असते, अंगावरून वारं गेल्यापासून. बस खालपर्यंतच जाते आणि माझे गुडघे चढू देत नाहीत. फोनवर तिला बोलता येत नाही. किती दिवसांत पाहिलं नाही तिला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सोमवारी मला एकच फेरी असते."

अशी आमची गाडी टेकडी चढली. पुढे मी आणि ताई, मागे चादरींच्या गठ्ठ्यांवर बाबा, हत्यारांची पेटी मांडीवर. चढावर इंजिन जरा कण्हलं तसे बाबा मागून म्हणाले, "दुसरा गिअर, घाबरू नको, ओढेल ती." तिनं ओढलं.

अक्का अंगणात चाकाच्या खुर्चीवर बसल्या होत्या. ताई त्यांच्यासमोर खाली बसल्या. अक्कांचा एकच हात हलत होता. त्या हातानं त्यांनी ताईंचा चेहरा सावकाश चाचपला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि तोंडातून आवाज आला तो शब्द नव्हता, पण त्याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळला. मी गाडीत काहीतरी विसरल्याचं निमित्त करून गेटपर्यंत जाऊन आले.

परत आले तर ताईंनी पिशवीतून कात्री काढली होती. "हे कुणी कापले गं तुझे केस? खुरप्यानं?" अक्का हसत होत्या, अर्ध्या तोंडानं. बाबांनी जमिनीवर बसकण मारून त्यांच्या खुर्चीचं कुरकुरणारं चाक उघडलं होतं. चाक बसवून त्यांनी खुर्ची पुढेमागे करून पाहिली. आवाज नाही. व्हरांड्यातल्या एका आजोबांनी ते पाहिलं आणि काठीनं फरशीवर टकटक केलं. "ओ मिस्त्री! माझं डावं चाक ओढतं." त्यांच्यामागून एक आजी म्हणाल्या, "आणि बाई, माझी बट डोळ्यात येते."

ताईंनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी बाह्या सरसावल्या. व्हरांड्यात रांग लागली. काहीजण केसांच्या रांगेत, काहीजण चाकांच्या, काहीजण आपण कुठल्या रांगेत आहोत हे न कळता दोन्हीकडे. अक्का मध्यभागी नव्या केसांनिशी बसल्या होत्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्या एका हातानं ताईंकडे बोट करून दाखवत होत्या. ही माझी बहीण.

उन्हं कलली तरी आम्ही तिथेच होतो. मी पायरीवर बसले होते. पोटात कावळे कोकलत होते आणि चादरींची फेरी उद्यावर गेली होती. बाबांनी जवळून जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. ग्रीसनं माखलेला हात होता. मी तो झटकला नाही.

"उशीर झाला ना गं?" ते म्हणाले.

"होऊ दे," मी म्हटलं.