मऊ, मध्यम, ताठ

मला राग लवकर येतो असं अख्खं धार म्हणतं. साफ खोटं आहे. मला राग योग्य वेळी येतो, आणि या गावात योग्य वेळा फार येतात.

आता हेच बघा. दर दसऱ्याला आमच्या धारच्या गोल्फ क्लबाचा मऊच्या लष्करी छावणीतल्या मंडळींशी सामना असतो. नकाशावर ‘महू’ लिहितात, पण आमच्या घरात मऊच म्हणतात आणि मी शेवटपर्यंत मऊच म्हणणार. या सामन्यात मी एकतीस वर्षं खेळते आहे. यंदा कमिटीने ठराव केला की साठीपुढच्या स्त्री सभासदांनी खेळू नये, त्यांच्या हस्ते बक्षिसं वाटली जातील. क्लबात साठीपुढची स्त्री सभासद एकच आहे, इंदिराबाई, म्हणजे मी. एका बाईला घरी बसवायला ठराव कशाला लागतो? तोंडावर सांगायचं होतं!

सांगायला आला सेक्रेटरी विक्रमसिंह. हा माझ्या चुलतदिराचा मुलगा, चाळिशीला टेकलेला.

“काकीसाहेब, आपका कंधा देखो ना,” तो म्हणाला. “चौथ्या होलचा नाला अब पार नहीं होता. दो महिने से हर बॉल पाण्यात.”

हे मात्र खरं होतं. माझ्या काठ्यांचे दांडे पोलादी. चेंडूला लागलं की हिसका मनगटातून थेट उजव्या खांद्यात जायचा. खांदा धरला होता, आणि दुखण्याच्या भीतीने हात आपोआप आखडता यायचा.

“आणि नाला पार केला तर?”

“तो खेलो,” तो हसत म्हणाला. “येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी, कमिटी के सामने.”

तो थट्टेत बोलला. मी थट्टेत घेतलं नाही.

डॉक्टर म्हणाले होते की पोलाद सोडा, ग्राफाइटचे दांडे लावा, हिसका कमी बसेल. क्लबात ज्याच्या त्याच्या पिशवीत परदेशी नावाचे ग्राफाइटचे दांडे आहेत. त्यावर सोनेरी अक्षरं असतात, आणि खेळण्यापेक्षा ती अक्षरं दाखवण्यातच आमच्या सभासदांचा निम्मा वेळ जातो. मला नाव नको होतं, खांद्याला सोसेल असा दांडा हवा होता. तो देवासला सापडला.

देवासच्या एका लग्नात पंगतीला माझ्या शेजारी भगवंत नावाचा इंजिनिअर बसला होता. त्याचे वडील कारखान्याच्या नोकरीसाठी सांगलीकडून देवासला आले आणि तिथलेच झाले. भगवंतच्या कंपनीत यंत्रांसाठी कार्बनचे हलके रूळ बनतात. उरलेल्या कार्बनच्या कापडातून हा जेवणाच्या सुट्टीत गोल्फचे ग्राफाइटचे दांडे बनवायचा. सळईभोवती ते काळं कापड सुरळीच्या वडीसारखं गुंडाळायचं आणि भट्टीत भाजायचं. आजवर त्याचे दांडे कोणी फारसे वापरलेच नव्हते. त्यांना नावसुद्धा नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी त्याच्याकडे गेले. त्याने माझं वय विचारलं नाही. आवारात मला रिकामी काठी फिरवायला लावली आणि ते मोबाइलवर टिपून चार वेळा पाहिलं.

“काकू, तुमचा हात सावकाश येतो,” तो म्हणाला. “वाईट नाही ते. फक्त दांडा तुमच्या हाताबरोबर वाकला पाहिजे.”

मला कोणी ‘काकू’ म्हणत नाही, आमच्याकडे ‘काकीसाहेब’ म्हणतात. पण माणूस कामाचं बोलत होता, म्हणून सोडून दिलं.

“करून पाठवतो. दांड्याचा प्रकार इंग्रजी अक्षरांत लिहू ना?”

“इंग्रजी कशाला?” मी कडाडले. “मराठी माणूस आहेस ना? मराठीत लिही, मोठ्या अक्षरात!”

तो बरं म्हणाला.

शुक्रवारी विक्रमसिंह देवासला सासुरवाडीला गेला होता. येताना कंपनीच्या फाटकावरून माझं सामान घेऊन आला. रविवारी चौथ्या होलवर सगळी कमिटी खुर्च्या टाकून बसलेली. अध्यक्ष बळवंतराव छत्रीखाली होते. विक्रमसिंहाने माझ्या हातात काळी कुळकुळीत काठी दिली.

“काकीसाहेब, ये आपकी. स्पेशल.”

मी चेंडू ठेवला, देवाचं नाव घेतलं आणि मारला. चेंडू जमिनीलगत उजवीकडे सरपटत गेला आणि नाल्यात पडला. दुसरा मारला, तोही नाल्यात. तिसऱ्याला मी सगळा जीव लावला. चेंडू पाण्यात गेला आणि खांद्यात अशी कळ आली की काठी हातातून गळून पडली. खुर्च्यांमध्ये कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं, त्यांनी मला पाणी आणून दिलं.

“ना नाव ना गाव अशी वस्तू,” बळवंतराव म्हणाले. “असंच व्हायचं.”

विक्रमसिंहाने रजिस्टरमध्ये तिथल्या तिथे लिहिलं, ‘अनजान कंपनी के शाफ्ट बेकार. काकीसाहेब पुरस्कार बाँटेंगी.’ आणि मी, इंदिराबाईने, रागाच्या भरात त्याखाली सही ठोकली.

मग गाडीत बसल्याबसल्या भगवंतला फोन लावला. “अरे, दांडा केलास की पहार? चारचौघांत माझी शोभा झाली!”

“काकू, पण मऊवाला मारला का?” तो घाईघाईने म्हणाला.

“मऊवाल्यांशी मला काय करायचंय? त्यांचा सामना दसऱ्याला आहे!” मी फोन आपटला. पुढे त्याचे तीन फोन आले. मी उचलले नाहीत.

दोन दिवस मी घरात भांडी आदळली. बुधवारी विक्रमसिंह हसत हसत आला. मऊहून एका तरुण कॅप्टनचा फोन आला होता म्हणे, की धारच्या क्लबाने भेट पाठवलेली काठी बाजरीच्या ताटासारखी झुलते, तिने खेळायचं कसं?

“कुठली भेट?” मी विचारलं.

“वो देवासवाले भिया ने तीन बनाई थीं ना. एक मऊ की थी, मैंने भिजवा दी.”

“मऊची कशावरून?”

“चिठ्ठी बंधी थी ना! साफ लिखा था, मऊ.”

मी खाली बसले. “आणि बाकीच्या दोन?”

“एक पे मध्यम लिखा था. मीडियम, तो मैंने रख ली. तिसरी पे ठाठ लिखा था. स्पेलिंग गलत थी बेचारे की, त-ठ करके लिखा था. मैं समझ गया, ठाठ तो काकीसाहेब का ही होगा.”

चिठ्ठ्या त्याच्या गाडीतच पडल्या होत्या. मी आणायला लावल्या. भगवंतने लिहिल्या होत्या मोठ्या अक्षरात, मी बजावल्याप्रमाणे. *मऊ. मध्यम. ताठ.*

“विक्रमा,” मी ओरडले, “मऊ म्हणजे नरम! नरम, मुलायम! आणि ताठ म्हणजे कडक! लोखंडासारखा कडक दांडा तू माझ्या हातात दिलास आणि माझा तो मऊ दांडा छावणीत पाठवलास! मराठा घरात जन्माला आलास आणि एवढं वाचता येत नाही तुला?”

तो गोरामोरा झाला. “काकीसाहेब, महू को आप ही तो मऊ बोलती हो. बचपन से आपके मुँह से ये एक ही मऊ सुना है.”

मी आणखी काही बोलणार होते, पण मला एक पाटी आठवली. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याची आई त्याला माझ्याकडे पाठवायची. मराठी लिहा-वाचायला शिकवा, काकीसाहेब, शाळेत सगळं हिंदी आहे, असं कळवळून सांगायची. आणि मी? मी पाटी कोपऱ्यात ठेवून त्याला मैदानावर न्यायची. खेळायला गडी हवा होता मला. नाला कसा पार करायचा ते त्याला मीच शिकवलं. बाराखडी ‘क’च्या पुढे गेलीच नाही.

मग मी मोबाइल उघडला. निरोप वाचायचा मला कंटाळा. भगवंतचा निरोप शुक्रवारपासून तसाच पडला होता: ‘काकू, तीन पाठवतोय. आधी मऊ मारा, तोच तुमचा वाटतो. ताठ हातात घेऊ नका, खांदा दुखेल.’

आणि ‘मऊवाला मारला का’ असं त्याने शुद्ध मराठीत विचारलं होतं. मला ऐकू आली ती छावणी. विक्रमला बोल लावणारी मी!

मी भगवंतला फोन केला. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे नीट जमली नाही. “चूक माझी झाली,” एवढंच म्हणाले. मला वाटलं, आता हा मला बोलेल, आणि बोलावंच त्याने.

“काकू, खांदा कसा आहे?” तो म्हणाला.

मला रडू आलं. स्वतःचा इतका राग मला जन्मात आला नव्हता.

खांदा दहा दिवस शेकला. विक्रमसिंह स्वतः मऊला जाऊन काठी परत घेऊन आला. भगवंतला मी देवासहून बोलावून घेतलं आणि बळवंतरावांच्या शेजारी खुर्ची दिली. पुन्हा कमिटी, पुन्हा तोच नाला. काठी हातात घेतली तेव्हा मी परत बांधलेली ‘मऊ’ची चिठ्ठी दांड्यावर होती. मी ती काढू दिली नाही.

पहिला चेंडू मारला. हिसका बसला नाही. दांडा माझ्या हाताबरोबर वाकला, सरळ झाला, आणि चेंडू उंच उठून नाल्यापलीकडच्या गवतात पडला. दुसराही पलीकडे गेला. मंडळी टाळ्या वाजवायला लागली.

“टाळ्या राहू द्या,” मी म्हणाले. “रजिस्टर आणा.”

विक्रमसिंह रजिस्टर घेऊन आला. मागची ओळ मी त्यालाच खोडायला लावली.

“आता लिही. मराठीत.”

“काकीसाहेब, मराठी में मुझसे...”

“मी सांगते तसं लिही.” त्याने पेन उघडलं. मी सावकाश सांगत गेले. “देवासच्या भगवंतचे दांडे उत्तम. इंदिराबाई दसऱ्याला खेळणार. वाचणारा कच्चा निघाला.”

त्याने मान खाली घालून ‘निघाला’ लिहिलं आणि पेन मिटायला लागला.

“थांब. पुढे लिही. शिकवणारी त्याहून कच्ची.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग लिहिलं. ‘कच्ची’ची वेलांटी ऱ्हस्व काढली. मी त्याचा हात धरून ती दीर्घ करून घेतली आणि खाली सही केली.