वाटी वाजली म्हणजे व्हय

आमच्या मालकांना बोलायची हौस आली ती माझं तोंड बंद झाल्यावर. उभ्या जन्मात या माणसाने दारात आलेल्या पाहुण्याला 'बसा' एवढंही धड म्हटलं नाही. ते मी म्हणायचे. आता मला बघायला बाया आल्या की नाथाजीराव खाटेशेजारी मांडी घालून बसतात आणि सुरू करतात, "हिचं म्हननं असं हाय की..."

माझं म्हणणं माझ्या पोटात आहे, तिथून वर यायला वाट नाही. तंबाखूची मिश्री घासून घासून गालाच्या आत पांढरा चट्टा उठला, त्याची गाठ झाली. कराडच्या डॉक्टरांनी ती कापली, सोबत खालच्या दाढा काढल्या, मांडीची कातडी आणून आत शिवली आणि नाकात नळी घातली. टाके सुकेपर्यंत तोंड उघडायचं नाही, बोलायचं तर नाहीच. सून क्रांती पिचकारीने नळीत डाळीचं पाणी सोडते. चव नाही, ढेकर मात्र डाळीचा.

ज्या घरात माझ्या शब्दाशिवाय उसाला कोयता लागला नाही, तिथे माझ्या हातात वाटी आणि चमचा दिला. मालकांनीच ठरवलं, वाटी वाजली म्हणजे व्हय. 'नाही' कशाने वाजवायचं, ते कुणालाच सुचलं नाही.

त्या दिवशी सकाळी नात अक्षता गालाला हात लावून आली. दुसरीत आहे, एरवी तिची बडबड शेजाऱ्यांना ऐकू जाते. आज गप्प. मागोमाग क्रांती आली.

"आत्या, अक्षीची दाढ लय ठणकतीया. काल जेवली बी न्हाई. उंब्रजला दातांच्या डॉक्टरकडं नेऊ का?"

मी वाटी उचलणार, तोवर मालक बोलले, "तिला काय इचारतीस? तिचं म्हननं ठरल्यालं हाय. दुधाचा दात हाय, पडतुया. पडला की शेनाच्या गोळ्यात घालायचा आन कौलावर टाकायचा."

वाक्य माझंच होतं. आमच्या लेकाच्या, वीरधवलच्या लहानपणी मी म्हणाले होते. पण त्याचा दात हलत होता, किडला नव्हता. यांनी वाक्य तेवढं जपून ठेवलं.

मी वाटी वाजवली.

"बघ. व्हय म्हनतीया."

मी अजून जोरात वाजवली.

"लयच पटलंय तिला."

मान हलवावी तर टाके गळ्यापर्यंत. मी अक्षीची पाटी ओढून घेतली. पण शाळा मी अशी किती शिकले? मला लिहिता येतं ते फक्त माझं नाव. तेवढ्याने काय सांगणार? तरी पेन्सिल दाबून लिहिलं, बनुबाई. निदान थांबून विचारतील, काय म्हणतेस म्हणून. मालकांनी पाटी उचलून क्रांतीपुढे धरली.

"ही बघ, सही बी केली."

क्रांती माझ्याकडे बघत राहिली. पोरगी खुळी नाही. पण सासूचा शब्द ओलांडायचा नाही हे तिला मीच शिकवलं होतं, आणि मी अर्धवट काही शिकवत नाही. ती मुकाट्याने आत गेली. दुपारी सैन्यातून वीरधवलचा फोन आला. तोही मालकांनीच घेतला. "आईचं म्हननं, पडंल दात," असं त्यालाही सांगून मोकळे झाले.

ऊन कलायच्या आत अक्षीचा गाल पुरीसारखा फुगला. डोळा बारीक झाला. रडायचीही थांबली. मालक घाबरलेच. उठून देव्हाऱ्यामागे हात घातला आणि माझा मिश्रीचा डबा काढला. क्रांतीने माझे सगळे डबे उकिरड्यावर टाकले होते. हा एक यांनी लपवून ठेवला होता.

"तुज्यासाठी ठेवला हुता," माझ्याकडे बघून म्हणाले, "बरी झालीस की मागशील म्हनून. ये अक्षे, आज्जीचं औषिद. हिच्या आईनं बी हिला हेच लावलं. ठनका थांबतोय."

झाकण उघडलं. नाकात नळी असूनही वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. एवढं कापून घेऊनही. मालकांनी बोट काळं केलं. पोरीने आजोबावर विश्वास टाकून आ केला. आत दाढ काळी ठिक्कर, आणि शेजारी हिरडीवर पुवाने भरलेला फोड.

मी उठले. त्यांचं मनगट धरलं आणि डबा मोरीत भिरकावला. आत कुठेतरी टाका ओढला गेला. किती दिवसांनी जिभेला चव लागली, ती रक्ताची.

"आज्जी," अक्षी म्हणाली. क्रांती दारात येऊन उभी राहिली. हातात गाडीची किल्ली आधीच होती.

जीभ वळत नव्हती, निम्मी अक्षरं गालातून गळत होती, म्हणून एकेक शब्द सावकाश ठेवला.

"आवं, माझा शब्द म्हनून सांगत हुतासा न्हवं? मग ह्यो घ्या. क्रांती पोरीला डॉक्टरकडं नेतीया. तुमी मागं बसा, पोरीला धरा, आन तितं एक अक्षर बोलू नगासा. माझं तोंड कापलंय. तुमाला उसनं दिल्यालं न्हाई."