कडेचे दिवे

मित्रांनो, मी एक जुना पांढरा घुमट आहे. इमारतीवरचा नव्हे, डोळ्यांच्या दवाखान्यातला. माझ्या पोटात बारीक दिवे आहेत. माणसाने हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि कडेला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. त्याला कडेचं किती दिसतं, ते मी कागदावर काढून देतो. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "हा कोणाची भीडभाड ठेवत नाही." मग नवं यंत्र आलं आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडलो.

एका शनिवारी ते बिघडलं, म्हणून मला पुसून पुढे ओढलं. समोर शाळेच्या बसचा चालक बसला. संध्याकाळच्या अंधूक उजेडात त्याने फाटकाच्या खांबाला बस घासली होती. सोबत त्याची आई होती.

तो भराभर बटण दाबू लागला. मला संशय आला. मी दिवा न लावता नुसता दिव्याबरोबर होणारा 'कट्' आवाज केला. त्याने बटण दाबलं. पुन्हा केला, पुन्हा दाबलं.

तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, "दादा, आत्ता दिवा लागलाच नव्हता."

"लागला होता की. सोमवारी चाळीस पोरं न्यायचीत मला. लवकर आटपा."

हनुवटीखाली मला त्याचा घाम जाणवत होता. इतक्यात आई म्हणाली, "तुझा मामाही दिसतंय, दिसतंय म्हणत राहिला. जिन्यावरून पडेपर्यंत."

त्याने बटणावरचा अंगठा उचलला. मग म्हणाला, "ताई, याचा आवाज बंद करून पुन्हा घ्या."

मी कडेचे दिवे एकामागून एक लावत गेलो. बटण हललंच नाही. फक्त मधोमध, नाण्याएवढ्या जागेत, ते दाबलं गेलं.

पुढे रक्ततपासणीत कारण सापडलं. बाईंनी समजावलं, "डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींना काम शिकवणाऱ्या जनुकात एक अक्षर चुकलंय. मंद उजेडात आणि कडेचं बघणाऱ्या पेशी त्यामुळे आधी मरतात. या प्रकारात हे आईकडून मुलाला येतं, आईला स्वतःला बहुधा त्रास होत नाही."

"म्हणजे मीच दिलं," आई पुटपुटली.

"तू निवडून थोडंच दिलंस?" तो म्हणाला आणि तिचा हात धरून राहिला.

मित्रांनो, घरात कोणी तिन्हीसांजेला ठेचकाळत असेल, तर त्याला वेंधळा म्हणून हसू नका, तपासायला आणा. गेलेली नजर मी परत देऊ शकत नाही. पण त्या सोमवारी बस दुसऱ्याने चालवली, आणि आमचा चालक शेजारी बसून त्याला पाठ असलेली वळणं सांगत होता.