खणखणीत वाजलेली काच

मी एक जुनी काच आहे. नसरापूरच्या बाजारपेठेत चहाच्या एका दुकानाला लहानसा झरोका आहे, त्यात आज मी बसलेली दिसते. हातभर लांब आणि वीतभर रुंद, एवढीच उरले आहे. पण मित्रांनो, एके काळी मी भोरहून पुण्याला उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीची पुढची काच होते. हे ऐकून लगेच 'वा!' म्हणू नका. त्या 'वा!'नेच माझा आणि एका भल्या माणसाचा घात केला.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे भट्टीत वाळू वितळवून तिचा रस करतात, आणि तो रस निवता निवता वर ओढून त्याचा तावासारखा पत्रा करतात. ओढताना अंगावर बारीक लाटा राहतात. माझ्याही राहिल्या. एका बाजूची लाट तर चांगली चार बोटं रुंद होती. तिथल्या माणसाने मला उजेडासमोर धरलं, लाट पाहिली आणि खडूने खूण केली, खिडकीसाठी. मला त्यात काडीचाही कमीपणा वाटला नाही. खिडकीतून माणूस गाय सुटली का बघतो, दारात कोण आलं बघतो. तेवढ्याला लाट चालते. एखाद्या शाळेच्या खिडकीत बसावं आणि पोरांचे पाढे ऐकावेत, एवढीच माझी हौस होती.

पुण्याच्या काचवाल्याकडे मी भिंतीला टेकून उभी असायचे. माझ्या शेजारी मोटारीसाठी मुद्दाम केलेली एक काच होती. दोन सपाट काचा आणि त्यांच्या मध्ये एक चिवट पापुद्रा, असं तिचं अंग. रंगाने किंचित पिवळसर, आवाजाने जड. ती मला सांगायची, "दगड लागला तर मी तडकेन गं, पण अंगातला एक तुकडा सोडणार नाही." मला तिचा हेवा वाटत नसे. तिचं काम वेगळं, माझं वेगळं.

ते साल अडतीस किंवा एकोणचाळीस असावं. एके दिवशी दुकानात दोघं जण आले. एक होते भोरचे गंगाधरपंत, सर्व्हिस मोटारीचे मालक. दुसरा त्यांचा ड्रायव्हर, आंबवड्याचा सोनबा. त्यांच्या मोटारीची जुनी काच जांभळाच्या फांदीने फुटली होती, म्हणून नवी घ्यायला आले होते. सोनबा दारातच उभा राहिला. छातीवर पितळी बिल्ला होता, आणि तो बिल्ला घासूनपुसून लख्ख केलेला होता. आंबवड्यात मोटार हाकणारा तो पहिलाच माणूस.

काचवाल्याने माझ्या शेजारणीकडे बोट दाखवलं. "पंत, मोटारीला हीच घ्या. दोन काचा चिकटवून केलेली आहे."

"चिकटवलेली?" पंतांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "फुटकी काच चिकटवून मला नवी म्हणून विकतोस होय रे?"

"तसं नाही पंत, ती फुटली तरी तुकडे उडत नाहीत."

"जी फुटणार हे तूच सांगतोयस, ती मी घेऊ कशाला?"

पंत काही कंजूष नव्हते. दोन पैसे जास्त गेले तर त्यांना त्याचं दुःख नसे. त्यांना घमेंड होती ती पारखीची. आपल्याकडे मडकं घेताना बोटाने वाजवून घेतात ना? खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर तडा गेलेलं. पंतांनी तीच कसोटी काचेला लावली. खिशातून रुपया काढला आणि शेजारणीवर मारला. मधल्या पापुद्र्यामुळे ती बिचारी बद्द वाजली. मग माझ्यावर मारला. मी खिडकीची, एकसंध काच. देवळातल्या घंटेसारखी खणखणले!

"ऐकलंस सोनबा? याला म्हणतात काच! आणि बघ कशी पांढरीशुभ्र आहे. ती दुसरी तर काविळीतून उठल्यासारखी दिसते."

"पन पंत, ही खिडकीची हाय न्हवं?" सोनबा हळूच म्हणाला.

"काच ती काच. खिडकीला निराळी आणि मोटारीला निराळी, असं कुठं असतं?"

मी ओरडून सांगत होते, असतं हो, असतं! पण काचेचं ओरडणं कोण ऐकतो? मला मापाने कापलं, कडा घासल्या आणि मोटारीच्या चौकटीत बसवलं. आणि दैव बघा कसं फिरलं. माझी ती चार बोटांची लाट नेमकी उजव्या अंगाला, सोनबाच्या डोळ्यांसमोर आली. डाव्या अंगाला, जिथे पंत बसत, तिथे मी आरशासारखी स्वच्छ होते.

भोरला माझा मोठा मान झाला. मोटार थांबली की लोक येऊन मला टिचकी मारून बघत. "काय वाजतीय! लई भारी!" म्हणत. पंत मिशीतल्या मिशीत हसत. आणि मी आतल्या आत चडफडत असे. अरे, मोटारीची काच काय भजनात वाजवायची आहे? तिच्यातून बघायचं असतं! पण आतून कुणी बघेल तर शपथ.

आतून बघत होता एकटा सोनबा. त्याला माझ्यातून रस्ता कधी सापासारखा वळवळताना दिसे, कधी एका मैलाच्या दगडाचे दोन दगड दिसत. डोकं इकडे केलं की पुढचा बैल जवळ येई, तिकडे केलं की लांब जाई. संध्याकाळी भोरकडे परतताना ऊन समोरून आलं की त्याचं कपाळ ठणकू लागे. चार दिवस त्याने कळ काढली. मग पंतांना म्हणाला, "पंत, काच वाकडं दावतीया."

"मी तुझ्या शेजारीच बसतो ना? मला कसं सरळ दिसतं?"

"तुमच्या अंगाला सरळच हाय. माज्या अंगाला वाकडं हाय. एकडाव हितं बसून तर बगा."

"मालकाने ड्रायव्हरच्या जागेवर बसायचं? लोक काय म्हणतील, पंतांनी धंदा बदलला!" असं म्हणून पंत हसले. हसण्यावारी नेलं की त्यांच्या लेखी प्रश्न मिटला.

बिचारा सोनबा मग मलाच वर उचलून गाडी चालवू लागला. माझी चौकट वरच्या बिजागरीवर होती, खालून उघडत असे. पण त्या काळचा तो रस्ता! शिवऱ्याच्या पुढे गेलं की फुफाट्याचे लोटच्या लोट आत येत. आठ दिवसांत सोनबाचे डोळे लालभडक झाले. आणि ते लाल डोळे बघून पंत काय म्हणाले असतील? "बघ, मी म्हणत नव्हतो? दोष तुझ्या डोळ्यांत आहे!"

काय म्हणावं या माणसाला! मला इतका संताप यायचा की तिथल्या तिथे तडकावं असं वाटे.

बातमीला पाय फुटले. नसरापूरच्या बाजारात शिवऱ्याची सगुणाबाई कोंबड्यांची डाल घेऊन मोटारीत चढली, ती चढता चढताच म्हणाली, "सोनबादादा, येकाचं दोन दिसत्यात म्हनं तुमास्नी. मंग तिकिटाचं पैसं बी दोनदा घेशीला, व्हय?" सगळी मोटार हसली. सगुणाबाईच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मागून कुणीतरी कुजबुजलं, "दोन दिसायला लागलं म्हंजी घेत आसंल." ज्या माणसाने जन्मात ताडीला बोट लावलं नाही, त्याच्या कानावर हे आलं. त्याने मला खाली घेतलं, चौकट बंद केली आणि गाडी सुरू केली. त्या दिवसापासून त्याने मला पुन्हा उचललं नाही.

घरी त्याची बायको फुलाबाई रोज त्याच्या डोळ्यांवर दुधात भिजवलेल्या पट्ट्या ठेवी. मीठमोहऱ्या ओवाळून दृष्टही काढून झाली. सोनबाच मोटार पुसताना क्लीनरला हे सांगायचा, म्हणून मला कळलं. "तिला सांगून दमलो, माजं डोळं चांगलं हाईत. आता मलाच वाटाय लागलंय, नसतील बी." हे वाक्य ऐकलं आणि मित्रांनो, मला माझीच लाज वाटली. चांगल्या नजरेच्या माणसाचा मी त्याच्याच नजरेवरचा विश्वास उडवला होता.

शेवटी पंतांनी निर्वाणीचं सांगितलं. "दवाखान्यात डोळे दाखव. कागद आण. नाहीतर पाडव्यापासून गाडीवर दुसरा ड्रायव्हर, ज्ञानू, बसेल, आणि तू बिल्ला जमा कर."

सोनबा भोरच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून पाटीवरच्या खुणा विचारल्या. त्याने अगदी तळातल्या ओळीपर्यंत सगळ्या ओळखल्या. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, नजर उत्तम. सोनबाने तो कागद दोन्ही हातांनी पंतांपुढे धरला. आता तरी, आता तरी, असं मी म्हणत होते.

पंतांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "दवाखान्यात गाडी चालवायची नसते. मला रस्त्यावरचं सांग. डोळे चांगले, तर मग तुझं लक्ष कुठं असतं?"

म्हणजे डोळे सुटले आणि लक्ष सापडलं. काच मात्र कुणालाच सापडली नाही. ती खणखणीत वाजत होती ना!

पाडव्याला आठ दिवस उरले होते. त्या दिवशी सकाळी आम्ही भोरहून निघालो. पंत नेहमीप्रमाणे डाव्या अंगाला बसले होते. कापूरहोळच्या अलीकडे पुढे एक बैलगाडी चालली होती, वेल्ह्याच्या चिमाजीची. भोरकडे बांबू भरून तो नसरापूरच्या बाजाराला निघाला होता. बांबू गाडीच्या मागे सहा-सात हात बाहेर आले होते. सोनबाने भोंगा वाजवला. चिमाजीने बैल कडेला घेतले. सोनबा उजवीकडून पुढे निघाला.

बांबूची टोकं त्याने माझ्या लाटेतून बघितली. माझ्या लाटेने ती हातभर पलीकडे दाखवली. मित्रांनो, मी खोटं बोलले. माझा नाइलाज होता, पण खोटंच बोलले. सोनबाला वाटलं, जागा आहे. जागा नव्हती.

बांबूचा शेंडा माझ्या डाव्या अंगावर आदळला, बरोबर पंतांच्या तोंडासमोर. माझी शेजारीण तिथे असती तर तडकून जागच्या जागी राहिली असती. मी एकसंध, खणखणीत! माझे सुऱ्यांसारखे तुकडे झाले आणि सगळे आत उडाले. पण त्या आधी, ब्रेकवर पाय दाबता दाबता, सोनबाने डावा हात पंतांच्या डोळ्यांवर आडवा धरला होता. कसं सुचलं त्याचं त्याला माहीत.

गाडी थांबली. पंतांच्या गालावर एक ओरखडा होता, बाकी काही नव्हतं. सोनबाचा हात मात्र मनगटापासून कोपरापर्यंत चिरला होता. चिमाजीने धावत येऊन आपलं मुंडासं फाडलं आणि घट्ट बांधलं. "ह्यो हलवू नगा," म्हणत तो त्याला सावलीला घेऊन गेला.

पंत खाली उतरले. त्यांनी मोटारीला एक फेरी मारली आणि कशाचा तरी आधार हवा म्हणून समोरच्या उघड्या दारातून आत बसले. ते दार उजवं होतं. ती जागा सोनबाची होती. उजव्या अंगाला मी अजून चौकटीत उभी होते, अर्धी. पंतांनी मान वर केली आणि माझ्यातून रस्त्याकडे पाहिलं.

समोर एकच मैलाचा दगड होता. त्यांना दोन दिसले. त्यांनी डोळे चोळले, मान हलवली. दोन्ही दगड डुलले.

"सोनबा," ते तिथूनच म्हणाले. "सोनबा, ही काच वाकडं दाखवते रे."

"व्हय पंत," झाडाखालून सोनबा म्हणाला. "सा म्हयनं त्येच सांगतुया न्हवं."

पंत ओक्साबोक्शी रडले. त्यांनी त्याला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, उशापायथ्याशी बसून राहिले, काही म्हणता काही कमी केलं नाही. जखम भरली. पण डाव्या हाताची तीन बोटं पुन्हा मिटली नाहीत. मिटणार नाहीत त्या बोटांनी मोटारीचं चाक धरता येत नाही. पाडव्याला गाडीवर ज्ञानू बसला, आणि समोर दोन पदरी, पिवळसर, मोटारीची काच बसली. माझा उरलेला तुकडा नसरापूरच्या चहावाल्याने झरोक्यासाठी नेला. सोनबाने बिल्ला शेवटचा घासला आणि कचेरीत जमा केला. नजर मात्र त्याची अखेरपर्यंत उत्तम राहिली.

मित्रांनो, काच घ्याल ती ज्या कामाला हवी त्या कामाचीच घ्या. आवाजावर जाऊ नका, रंगावर जाऊ नका. आणि कधी कुणी कळवळून म्हणालं की मला इथून नीट दिसत नाही, तर त्याचे डोळे तपासत बसू नका. आधी त्याच्या जागेवर जाऊन बसा. मोटारीच्या डाव्या दाराने उतरून उजव्या दाराने चढायला असा कितीसा वेळ लागतो? पंतांना सहा महिने लागले.