गाणं कुणाचं, गळा कुणाचा

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, हल्ली तळहातावर मावणाऱ्या कॅसेट निघाल्या आहेत, त्यामुळे तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखे धूड पाहिलेही नसेल. जड लाकडी पेटी, वर दोन मोठी रिळे, आणि एका रिळावरून दुसऱ्या रिळावर गुंडाळत जाणारी तपकिरी पट्टी. ती पट्टी म्हणजे माझे सगळे शहाणपण. तिच्यावर असेल ते मी बोलणार, नसेल ते काही केल्या बोलता येणार नाही. माझ्या पुढच्या अंगाला एक हिरवा दिवा आहे. समोर कुणी बोलले की तो लहानमोठा व्हायचा, म्हणून सगळे त्याला डोळाच म्हणत. तो डोळा आता गेला. कामशेतमधल्या एका माळ्यावर फुटक्या भोंग्यांशेजारी मी पडून असतो आणि उंदीर माझ्या पाठीमागचे कापड कुरतडतात.

माझा जन्म परदेशातला. लोणावळ्याच्या एका बंगल्यातल्या साहेबांनी मला हौसेने आणले आणि माझ्यात काय भरले म्हणाल, तर आपल्या कुत्र्यांचे भुंकणे. पाहुणे आले की ते त्यांना ऐकवत आणि सगळे पोट धरून हसत. मला वाटे, एवढा समुद्र ओलांडून आलो तो यासाठी काय? पुढे साहेब बंगला आवरून विलायतेला निघाले, तेव्हा तिथे विजेची कामे करायला येणाऱ्या ताजुद्दीनला त्यांनी मला देऊन टाकले.

कामशेतच्या बाजारपेठेत ताजुद्दीनचे लाउडस्पीकरचे दुकान होते. लग्न असो, उरूस असो की जत्रा, भोंगा त्याचाच. माणूस बोलायला मऊ आणि कामाला चिकट. त्याला एक वेड होते. बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या वाड्यांवरून माणसे खाली उतरत, त्यांतल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना तो दुकानात बोलावून घेई आणि माझ्यापुढे बसवी. त्याची बायको अजीजुन्निसा सगळ्यांना चहा पाजून पाजून कावून जाई.

कामशेतजवळच्या कान्हे गावाच्या वरच्या अंगाला एक लहानशी वाडी आहे. तिथली भागूबाई प्रथम आली तो दिवस मला चांगला आठवतो. डोक्यावरची मोळी तिने दाराशी टाकली, पदराने तोंड पुसले आणि माझ्या हिरव्या डोळ्याकडे संशयाने पाहत बसली. ताजुद्दीनने माझी कळ दाबली आणि गा म्हणून खूण केली. भागूबाई गायची सोडून बोलूच लागली. ताजुद्दीनने मला थांबवले.

"मावशी, बोलायचं नाही. एकदम गाणं सुरू करायचं."

"असं कसं एकदम?" भागूबाई म्हणाली. "गाणं माजं न्हाई. सारजामावशीचं हाये. ती मरून गेली म्हून काय चोरून गाऊ व्हय?"

"चोरून कशाला? गाणं झाल्यावर सांगू की."

"आमच्या वाडीत आदी सांगत्यात. गाणं कुणाचं, गळा कुणाचा, ते सांगायचं आन् मंग तोंड उघडायचं. तुमाला नको आसंल तर ही मी चालले."

ती खरोखरच मोळी उचलायला उठली. ताजुद्दीन हसला, त्याने कानाची पाळी धरली आणि मला पुन्हा सुरू केले. मग भागूबाई सावरून बसली आणि देवळात बोलावे तसे एकेक अक्षर सुटे करून बोलली:

"गाणं सारजामावशीचं. गळा भागूबाईचा. मी गंगीची आय."

आणि मग ती गायली.

भाताच्या ग खाचरात वाकून दुखं पाठ
माय माझी बांधावरी बघती माझी वाट

मित्रांनो, कुत्र्यांचे भुंकणे पोटात घेऊन जगलेल्या मला त्या दिवशी प्रथमच वाटले की आपला जन्म कारणी लागला.

तेव्हापासून ताजुद्दीनने वाडीची रीत उचलली. बहिरूची कापणीची भलरी, शिदूचा पावा, सावळ्याची ढोलकी, प्रत्येकाने आधी नाव सांगायचे. मग ताजुद्दीन दाढीच्या पात्याने पट्टी नेमकी थापेवर कापी आणि चिकटपट्टीने एकाची थाप दुसऱ्याच्या तोंडाशी जोडी. अशी त्याने एक अखंड टेप बांधली. लग्नात ती भोंग्यावर लागली की माणसे बेभान नाचत, आणि नवे नाव पुकारले जाई तेवढा वेळ हात वर धरूनच थांबत. शिदू तर आमंत्रण नसलेल्या लग्नांना जाऊन मांडवाबाहेर उभा राही आणि भोंग्यातून स्वतःचे नाव ऐकले की न जेवताच घरी परते. लोक ताजुद्दीनला 'नाववाला' म्हणून चिडवीत. त्याला ते आवडे.

भागूबाई मात्र फार दिवस राहिली नाही. एका पावसाळ्यात भाताची लावणी चालू असतानाच तिला ताप भरला. वाडीतून तिला डोलीत घालून खाली आणेपर्यंत वाटेतच सगळे संपले. तिचा एखादा फोटो असण्याचा प्रश्नच नव्हता. लुगडे होते ते तिच्याबरोबर गेले.

पुढच्या बाजाराला तिची लेक दुकानात आली. गंगी लग्न करून कान्ह्यातच दिली होती, रस्त्यावर खडी फोडायला जायची. ती दाराशीच उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, आय लावा की."

ताजुद्दीनने टेप लावली. गाणे सुरू झाले तशी गंगीने मान हलवली.

"गाणं नगं. त्याच्या आदीचं. तेवढंच."

त्याने पट्टी मागे घेतली. गाणं सारजामावशीचं. गळा भागूबाईचा. मी गंगीची आय. पुन्हा मागे घेतली. पुन्हा. गंगी रडली नाही. चहा पिऊन, अजीजुन्निसाच्या हातात थोडे आवळे ठेवून निघून गेली. त्यानंतर दर बाजारी ती येऊ लागली. दाराशी तिची सावली पडली की मी आपोआप सुरू होऊन तापायला लागावे, असे मला वाटे. पण आम्हा यंत्रांना कुणीतरी कळ दाबावी लागते.

तळेगावला सीताराम नावाचा एक हौशी लाउडस्पीकरवाला होता. त्याने नवा टेपरेकॉर्डर घेतला होता आणि आमच्या टेपची कीर्ती त्याच्या कानावर गेली होती. तो मुद्दाम कामशेतला आला.

"ताजुद्दीनभाऊ, एक नक्कल करू द्या. पंचक्रोशीत वाजवतो बघा तुमची टेप."

आता नक्कल करायची तर एका यंत्रावर होत नाही. एकाने गायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे. म्हणजे टेपबरोबर मलाही जावे लागणार. ताजुद्दीनने लगेच हो म्हटले नाही. बाजारी गंगी आली तेव्हा त्याने तिला विचारले.

"आय तळेगाव बगीन म्हणायची," ती म्हणाली. "जाऊ द्या. पर नावानिशी जाऊ द्या."

ताजुद्दीनने सीतारामला तेच बजावले. "बाकी काही मागत नाही. नावं आहेत तशी राहू द्या."

"हो हो, म्हणजे काय," सीताराम म्हणाला आणि मला मांडीवर घेऊन एसटीत बसला.

मित्रांनो, सीताराम दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर मला इतके वाईट वाटले नसते. त्याने माझी धूळ पुसली, मला तेल दिले. मग एका कारखान्यातल्या कामगाराच्या वरातीत त्याने आमची टेप वाजवून पाहिली. तळेगावच्या पोरांना वाडीची रीत काय ठाऊक? पहिले नाव आले तशी ती थांबली, दुसरे आले तशी ओरडू लागली, आणि तिसऱ्याला कुणीतरी म्हणाले, "अहो सीतारामशेट, वरात आहे का शाळेतली हजेरी?" सगळे हसले. सीताराम ओशाळला.

दुसऱ्या दिवशी त्याने पाते घेतले. नक्कल करून मग कापत बसण्यापेक्षा मूळ टेपच एकदा कापली, की पुढच्या सगळ्या नकला सुबक निघतील, असा त्याचा हिशेब. माझ्याच अंगावर पट्टी ताणून तो कापत गेला. बहिरूचे नाव गेले, सावळ्याचे गेले, शिदूचे गेले. मग भागूबाई आली. त्याने ऐकले, पट्टी पुढेमागे केली आणि जिथे गाण्याचा पहिला सूर लागतो तिथे नेमके पाते ठेवले. हात साफ होता त्याचा. हातहातभर लांबीचे ते तुकडे टेबलाखाली पडत गेले, आणि मला ओरडावेसे वाटले तरी माझ्यात ओरडण्याची पट्टी नव्हती.

चार-पाच बाजार उलटल्यावर त्याने मला परत आणले, तेव्हा बरोबर पेढे आणले होते. "भाऊ, तुमची टेप अगदी गुळगुळीत करून दिली बघा," असे म्हणून तो निघूनही गेला. त्याच बाजारी गंगी आली.

ताजुद्दीनने कळ दाबली. शिदूचा पावा संपला आणि लागलीच भाताच्या खाचराचे गाणे सुरू झाले. त्याने पट्टी मागे घेतली. पुन्हा पावा, पुन्हा गाणे. त्याने जोड हातात धरून उजेडात पाहिला, तर तो त्याच्या हातचा नव्हता.

"आज आय बोलंना व्हय?" गंगीने विचारले.

ताजुद्दीनने दुकान तसेच उघडे टाकले आणि तिला घेऊन तळेगाव गाठले. पुढचे मला, त्याने परत आल्यावर अजीजुन्निसाला जे सांगितले, त्यातून कळले.

सीताराम आधी म्हणाला, "नावं काय हो, तुम्ही माईकवरून सांगा की." मग त्याने गंगीकडे पाहिले. ताजुद्दीनने त्याला ती कोण ते सांगितले. त्यावर तो खाली बसला. तुकडे त्याच्याकडे नव्हते. त्याची आई सरुबाई ते चकाकते तुकडे पाहून इंदुरीच्या शेतावर घेऊन गेली होती, ज्वारीवरची पाखरे हाकायला.

तिघे इंदुरीला गेले. नदीकाठच्या त्या वावरात काठ्याकाठ्यांना माझी नावे बांधलेली होती. वाऱ्याने ती फडफडत होती आणि घूं घूं वाजत होती. बिचारी सरुबाई घाबरली. "बाई गं, मला वाटलं कचरा हाय," ती म्हणाली आणि स्वतःच धावत जाऊन गाठी सोडू लागली. बरेच तुकडे वाऱ्याने तुटून गेले होते. उरलेल्यांवरचा, आवाज धरून ठेवणारा तपकिरी मसाला उन्हादवाने झडून खालची पांढुरकी पट्टी उघडी पडली होती. गंगीने ते सगळे पदरात गोळा केले.

कामशेतला दुकानात परतल्यावर ताजुद्दीनने एकेक तुकडा पुसला, सरळ केला, जोडला आणि माझ्यावर चढवला. तो कळ दाबायला बिचकत होता. मी जीव ओतून वाचायचा प्रयत्न केला, मित्रांनो. खरखर. काही तुकडे उलटे लागले होते, ते सुलटे केले, तरी खरखर. शिदू नाही, बहिरू नाही. आणि मग अगदी शेवटच्या तुकड्यात, कण्हल्यासारखे, माझ्यातून बाहेर पडले:

"...ची आय."

एवढेच. कुणाची ते झडून गेले होते. त्याने पुन्हा लावले. तेवढेच. "...ची आय."

सीताराम दाराकडे तोंड करून रडत होता. ताजुद्दीनने माईक गंगीपुढे ठेवला आणि म्हणाला, "गंगे, तू नावं सांग. तुझ्या आवाजात भरून आईच्या गाण्याआधी जोडतो." ती म्हणाली, "सारजामावशीचं नाव सांगंन, आयचं बी सांगंन. पर माजं नाव म्याच घेऊन काय करू, भाऊ? ते तिनं घ्याचं हुतं."

तिने ती दोन नावे सांगितली. ताजुद्दीनने ती जोडली. पण तोवर सीतारामने केलेल्या नकला लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत गेल्या होत्या, आणि नकलांच्याही नकला निघाल्या होत्या. सीताराम दारोदार फिरून त्या परत मागू लागला, तर लोक त्याला हसले. एका लग्नात ते गाणे लागले तेव्हा गंगी शेजारणीला म्हणाली, "ही माजी आय गातीया." शेजारीण म्हणाली, "कायतरीच. ही टेप हाये, समदीकडं वाजती."

पुढे माझ्या पोटातले काचेचे दिवे, ज्यांच्यावर मी चालतो ते, एकेक करून गेले, त्यांचे सुटे भाग मिळेनात, आणि मी माळ्यावर आलो. त्याचे मला दुःख नाही. यंत्र जुने होणारच. मित्रांनो, तुमच्या नव्या कॅसेटमध्ये तुम्ही हवी ती गाणी हवी तशी भरा, एकापुढे एक जोडा, मित्रांना वाटा, खुशाल नाचा. फक्त गाणे सुरू होण्याआधी घटकाभर थांबून सांगा, गाणं कुणाचं आणि गळा कुणाचा. तुम्हाला ती कापून टाकायची बडबड वाटेल. कुणाला तरी तेवढेच हवे असते.

ती दोन नावे भरून गेल्यानंतर गंगी दुकानात एकदाच आली. माझा डोळा तेव्हा मिणमिणता का होईना, लागत होता. तिने तो शेवटचा तुकडा लावायला सांगितला आणि ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. पट्टी फिरू लागली. खरखर चालू असताना ती कान देऊन थांबली, आणि नेमक्या त्या जागी, हळूच, स्वतःच म्हणाली, "गंगी."

मी म्हणालो, "...ची आय."