एका रेषेतल्या खाचा

मोठ्या सिस्टरांनी होडीच्या तळातली सुटी फळी उचलली आणि त्या तशाच उकिडव्या बसून राहिल्या.

सकाळी होडी पहिल्यांदाच पाण्यात उतरवली तेव्हा तळाशी थोडे पाणी जमले होते. ते टिपायला म्हणून फळी काढली, तर खाली हातभर लांबीचे ठिगळ. ताजा रंग आणि आठ स्क्रू. आठांच्याही खाचा एका रेषेत, कवायतीला उभ्या केल्यासारख्या. असे स्क्रू पिळणारा सुतार त्यांनी जन्मात एकच पाहिला होता. त्यांच्या घरातले प्रत्येक कपाट त्याच्याच हातचे. "खाचा वाकड्या राहिल्या तर मला घास गोड लागत नाही," असे त्यांचा धाकटा भाऊ म्हणे, आणि त्या ते चारचौघांत कौतुकाने सांगत.

रुग्णालयात चौतीस वर्षे त्यांच्या वॉर्डाच्या खिडकीतून सरोवरावरची शिडे दिसत. डॉक्टरही ज्यांना वचकून असत, त्या बाईंच्या मनात एक जुनीपानी, खिशाला झेपेल अशी शिडाची होडी आहे, हे फक्त भावाला ठाऊक होते. होड्या दुरुस्त करणे हाच त्याचा धंदा. तीन होड्या त्याने नापास केल्या. चौथी एका ठेकेदाराची. ठोकळ्यांवर चढवलेल्या त्या होडीखाली शिरून त्याने टोच्याने फळ्या टोचल्या, ठोकून पाहिल्या आणि हात झटकत म्हणाला, "ताई, डोळे झाकून घे."

दुसऱ्या नर्सने मोजलेला ताप पुन्हा स्वतः मोजणाऱ्या सिस्टरांनी तो टोच्या एकदाही हातात मागून घेतला नाही.

आता त्यांनी केसांतला आकडा काढला आणि ठिगळाच्या कडेला रेटला. कुजक्या लाकडाने काही विरोध केला नाही.

"काय कप्तान, निघायचं का?" धक्क्यावरून भावाचा आवाज आला.

"हे काम कोणाचं रे?"

त्याने वाकून पाहिले. "असेल कोणाचं तरी. जुनी होडी म्हटली की ठिगळं आलीच."

"आयुष्यभर पेशंटांच्या थापा ऐकल्यात मी. तुला तर धड थापही मारता येत नाही."

तो मान खाजवत म्हणाला, "त्या ठेकेदाराकडून वर्षभराचं काम मिळणार होतं, ताई. म्हणाला, एवढी खपवून दे."

"आणि खपवायला मीच सापडले?"

"अगं, तू कुठे लांब जाणार होतीस! वाटलं, चार दिवस हौस करशील, काठाकाठानं फिरशील, मग गुडघे धरून बसशील घरी."

 वर्षभर सिस्टर दुसऱ्यांच्या होड्यांवर शीड हाताळायला शिकत होत्या. हाताला पडलेले घट्टे त्यांनी हौसेने त्यालाच दाखवले होते.

"बस," त्या म्हणाल्या. "समोरच्या काठापर्यंत जाऊन येऊ. दोघं."

त्याने एक पाय होडीत टाकला. होडी किंचित कलली. ठिगळाच्या कडेने पाण्याची बारीक रेघ उमटली आणि त्याने पाय मागे घेतला.

"मी नीट करून देतो ना. फुकट. आजच्या आज."

"नको. मी दुसरा सुतार बघीन."

 त्यांच्या दारातून आजवर दुसरा सुतार आत आला नव्हता.

सिस्टर धक्क्यावर चढल्या. डोलकाठीवर चढवायचे शीड तिथे पसरलेले होते. त्याची घडी घालायला दोन माणसे लागतात. भावाने वाकून पलीकडचे टोक उचलले.

"खाली ठेव."

त्याने ठेवले. सिस्टरांनी जवळची एक वीट आणून त्या टोकावर ठेवली. मग गुडघे टेकून, वॉर्डातल्या चादरीसारख्या कडेला कड जुळवत, तळव्याने प्रत्येक सुरकुती दाबत, त्या एकट्याच घडी घालू लागल्या.